कानाशी जाऊन विचारा

तुमच्या घरातल्या कुणाचं तरी पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालंय. काल झालं असेल, परवा झालं असेल. डॉक्टर बाहेर आले, "सगळं व्यवस्थित झालं" म्हणाले. खडे एका बाटलीत घालून तुमच्या हातात दिले. तुम्ही त्यांचा फोटो काढून गावाकडे पाठवला. देवापुढे साखर ठेवली. आता तुम्ही निर्धास्त झालात.

जरा थांबा. एक काम राहिलंय आणि त्यात तुमचा हात लागणार आहे. पलंगावरच्या त्या माणसाचं पोट अजून पुरतं जागं झालेलं नाही. वारा सरलेला नाही, भूक लागलेली नाही, संडासचं तर नावच नाही. आणि हे तो तुम्हाला आपणहून सांगणार नाही. म्हणून तुम्हीच विचारा. आज विचारा.

मी तीसेक वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. पण अजून कुणाच्या घरी ऑपरेशन झाल्याचं कळलं की मी "कसं वाटतंय" विचारतच नाही. सरळ विचारते, "वारा सरला का?" लोक हसतात. हसू देत. या एका प्रश्नाचं खरं उत्तर मला वेळेवर मिळालं नाही, असे काही पेशंट मला आजही झोपेत दिसतात.

आतड्याचं काम साधं आहे. लाटेमागून लाट यावी तसं ते आकसतं, सैलावतं आणि आतलं अन्न पुढे ढकलतं. भुलीच्या औषधानं ही लाट थांबते. पोटात हत्यारं फिरली की आतडं बिचकतं. वर दुखू नये म्हणून दिलेली काही औषधं, ट्रामाडॉलसारखी, त्याला आणखी सुस्त करतात. उपास असतो, पाणी कमी पडलेलं असतं, माणूस आडवा असतो. मोठी चीर घेऊन केलेल्या ऑपरेशननंतर लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं दोन-तीन दिवस घेतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे सगळं लवकर होतं. बहुतेकांचा वारा दुसऱ्या दिवसापर्यंत सरतो. संडासला दोन-तीन दिवस लागले तरी घाबरायचं कारण नाही, कारण पोटात फारसं काही गेलेलंच नसतं.

मी नोकरीला लागले तेव्हा हेच ऑपरेशन उजव्या बरगडीखाली वीतभर चीर घेऊन व्हायचं. नाकात नळी, हाताला सलाईन, आठ-दहा दिवसांचा मुक्काम. डॉक्टर राऊंडला यायचे, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आतड्याचा आवाज ऐकायचे, आणि तो आवाज येईपर्यंत पेशंटला घोटभर पाणी मिळायचं नाही. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ते भारतातलं पहिलं. त्यानंतर काही वर्षांत आमच्या वॉर्डाचं रूपच पालटलं. आज चार छोट्या भोकांतून पिशवी बाहेर येते आणि पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो.

सोय झाली. पण धोका कुठे सरकला, ते बघा. पूर्वी पोट सुरू होईपर्यंत पेशंट आमच्या नजरेखाली असायचा. आता तो तुमच्या नजरेखाली असतो. पोट फुगलं, उलटी झाली, ताप चढला तर ते आधी सिस्टरला दिसणार नाही. तुम्हाला दिसेल.

म्हणून पहिली गोष्ट करा. त्यांना उठवा.

आपल्याकडे आजारी माणसावरचं प्रेम म्हणजे त्याला हलू न देणं. "पडून राहा, मी आहे ना." सासूबाईंना सून उठू देत नाही, बायको नवऱ्याला ताटही उचलू देत नाही. माया खरी आहे, पण या दिवसांत ती आवरा. आडव्या माणसाच्या फुप्फुसांत कफ साठतो, पायांत रक्त गोठायचा धोका वाढतो, अंगातली ताकद जाते. नुसतं चालल्यानं आतडं लगेच धावू लागतं असं मी म्हणणार नाही, तेवढा त्याचा पुरावा नाही. पण चालता माणूस बसून खातो, पाणी पितो, स्वतः संडासला जातो, आणि पोट यातूनच मार्गी लागतं. डॉक्टरांनी उठायला सांगितलं असेल तर ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच उठवा.

उठवताना सरळ वर ओढू नका, टाक्यांवर ताण येतो. आधी एका कुशीवर वळवा. पाय पलंगाखाली सोडू द्या. मग कोपरावर भार देऊन बसू द्या. मिनिटभर तसंच बसवा, चक्कर येतेय का पाहा, मगच उभं करा. पहिल्यांदा उठवताना सिस्टरला हाक मारा. लाजून एकट्यानं उठलेली बाई संडासच्या दारात पडलेली मी पाहिली आहे. खोकताना, हसताना पोटावर उशी धरायला द्या. आधी पलंगापासून दारापर्यंत. तासा-दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी सबंध व्हरांडा. सोबत चाला, गप्पा मारत चाला. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा त्यांना तुमच्या गप्पांची गरज जास्त आहे.

दुखतंय म्हणून ते उठत नसतील तर दुखण्याचं औषध मागा. "गोळ्यांनी पोट धरतं" म्हणून मनानं गोळी बंद करू नका. कळ सोसत पडलेला माणूस चालत नाही, श्वासही वरवरच घेतो. डॉक्टरांना विचारा, पोट सुस्त न करणारी गोळी चालेल का? बऱ्याच जणांचं पॅरासिटामॉलसारख्या औषधावर भागतं. आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत ठेवा. लोहाच्या गोळ्या पोट धरतात. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी जास्त करवणाऱ्या काही गोळ्यांनी अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि त्यानंही आतडं ढिलं पडतं. डॉक्टरांना हे तुम्ही सांगितलं तरच कळेल.

खांदा का दुखतोय, हेही लोक हमखास विचारतात. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साईड वायू भरतात. त्यानं श्वासपटल चाळवतं आणि ती कळ खांद्यात उमटते. एक-दोन, फार तर तीन दिवसांत जाते. हा वायू रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. तो खालून सरायचा नसतो. तेव्हा "आत भरलेली हवा निघत नाही" म्हणून कुणी पोट चोळू लागलं, शेकू लागलं, तर त्याचा हात धरा.

आता पाण्याचं बोलते. बायकांसाठी मुद्दाम बोलते.

आमच्या वॉर्डात बायका पाणी प्यायच्या नाहीत. तहान लागायची, पण प्यायच्या नाहीत. का? प्यायलं तर उठावं लागेल. संडास लांब आहे, घाण आहे, कडी लागत नाही, धरून न्यायला फक्त नवरा किंवा दीर आहे. त्यापेक्षा तहानलेलं बरं. ऑपरेशनआधीचा उपास, त्यात हे, म्हणजे मळ खडा होणारच. मग कुंथायचं. कुंथलं की टाक्यांवर जोर, आणि बेंबीजवळच्या भोकातून पुढे हर्निया व्हायची भीती.

तुम्ही पुरुष असाल तर हे वाचून गप्प राहू नका. घरातल्या एका बाईला सोबतीला बोलवा. बहीण, मावशी, शेजारीण, कुणीही. आईला, बायकोला स्वच्छ भांड्यात पाणी द्या आणि "संडासला न्यायला मी आहे, माणूस आहे" असं तोंडानं म्हणा. खाली बसवत नसेल तर औषधाच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानंही मिळते. ती आणा. कमोडवर बसल्यावर पायाखाली छोटा पाट ठेवा, जोर कमी लागतो. आणि भेटायला येणाऱ्यांनो, पेशंटचा संडास तुम्ही वापरू नका. वापरलंच तर पाणी ओता. तुम्ही केलेल्या घाणीपायी पलीकडची आजी दिवसभर पाणी पीत नाही.

खाण्याचा गोंधळ तर विचारू नका. एक घर म्हणतं, वारा सरेपर्यंत काहीच नाही. दुसरं घर पहिल्याच रात्री डब्यात तुपातला शिरा घेऊन येतं, ताकद यावी म्हणून. दोन्ही चुकतात. दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशननंतर काही तासांतच घोट-घोट पाणी, मग पातळ काही द्यायला आजचे डॉक्टर सहसा परवानगी देतात. वारा सरायची वाट पाहत उपाशी ठेवायचे दिवस गेले. पोटात थोडंसं गेलं की आतड्याला कामाचा निरोप पोचतो. म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं की द्या. भाताची पेज द्या. मऊ भात, मुगाचं पातळ वरण द्या. थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. उलटी झाली तर थांबा आणि सांगा. तूप, तळण, मटण याची घाई नको.

सकाळ सोडू नका. सकाळी पोटात पहिला घास, गरम चहा गेला की मोठं आतडं आपोआप चाळवतं. ही देहाचीच खूण आहे, आपण सगळे रोज अनुभवतो. नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी त्यांना संडासला न्या. कळ येवो न येवो, दहा मिनिटं बसू द्या. दारावर थापा मारू नका.

काही डॉक्टर च्युइंग गम चघळायला देतात. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण आलं, आणि ते तयारीला लागतं. फायदा थोडाच, पण खर्चही थोडाच. कवळी असेल, गिळायला त्रास असेल तर नको. बाकी पंच्याहत्तरीच्या आजीला व्हरांड्यात गम चघळत फेऱ्या घालताना पाहण्यात जी मजा आहे, ती काही औषधाच्या पुस्तकात लिहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी चारचौघांत कुणी बोलत नाही. मिशेरी. गावाकडच्या कितीतरी बायकांना सकाळी मिशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पुरुषांना तंबाखू लागते. दवाखान्यात ती मिळत नाही, आणि पोट अडून बसतं. मग नातेवाईक पदराआड पुडी आणून देतात. आणू नका. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो. सवय आहे हे सिस्टरच्या कानात सांगा, बस. आम्ही रागावत नाही. माहीत असलं की डॉक्टर वेळेवर सौम्य औषध लिहून देतात.

आता तो प्रसंग सांगते, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. साठी उलटलेले एक आजोबा होते. शेजारी सून बसलेली, डोक्यावर पदर. मी औषधांची ट्रॉली घेऊन घाईत होते. वॉर्डाच्या मधूनच मोठ्यानं विचारलं, "आजोबा, वारा सरला का? संडास झाली का?" चाळीस खाटांचा वॉर्ड. आजोबांनी सुनेकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हो हो, झाली." मी कागदावर लिहून टाकलं. रात्री त्यांना हिरव्या उलट्या सुरू झाल्या. पोट नगाऱ्यासारखं ताठ. वाराही सरला नव्हता, संडासही झाली नव्हती. त्यांनी खोटं सांगितलं होतं, आणि तसं सांगायला मीच भाग पाडलं होतं. ते वाचले, पण नाकातल्या नळीसकट चार दिवस जास्त राहून. त्या दिवसापासून मी हा प्रश्न खाटेशी वाकून, कानाशी तोंड नेऊन विचारू लागले.

तुम्हीही तसंच विचारा. वडिलांना मुलानं विचारावं. आईला मुलीनं विचारावं. ज्याच्यापुढे संकोच कमी, त्यानं विचारावं. भेटायला आलेली मंडळी बाहेर जाऊ द्या. मग हळूच विचारा. वारा सरला का? कधी? पोट गच्च वाटतंय का? मळमळतंय का? "हो हो" असं घाईचं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. कधी सरला ते सांगता येत नसेल तर बहुधा सरलेला नाही.

आणि पोट फुगलेलं दिसलं तर घरचे उपाय करू नका. हात जोडून सांगते, करू नका.

एक बाई होती, चाळिशीतली, दोन शाळकरी मुलं. पित्ताच्या पिशवीच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी घरी पोट फुगलं, खाववेना. शेजारच्या जाणत्या बाईनं एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी कुणी सोनामुखीचा काढा दिला. सगळ्यांचा हेतू चांगला. पाचव्या दिवशी तिला रिक्षातून आणलं तेव्हा डोळे पिवळे, अंगात ताप, नाडी धावत होती. आत पित्त गळत होतं. तिला बद्धकोष्ठ नव्हतंच. गळक्या पित्तामुळे आतडं थिजलं होतं, आणि घरचे त्याला रेचकाचे चाबूक मारत होते. दीड महिना ती दवाखान्यात होती. धाकटा मुलगा त्या वर्षी आत्याकडे राहून शिकला. दोन दिवस आधी आली असती तर?

पित्तवाहिनीला इजा होणं दुर्मीळ आहे, हजार ऑपरेशनांत तीन-चारांच्या घरात. पण त्या तीन-चारांत तुमचं माणूस असेल तर हा आकडा तुमच्या काय कामाचा? ही पित्तगळती बऱ्याचदा घरी गेल्यावर, पहिल्या आठवड्यातच कळते. कधी आतड्याला इजा झालेली असते, कधी एखादा खडा नळीत राहिलेला असतो. सगळ्यांची सुरुवात सारखीच वाटते. पोट फुगतं, जेवण नको होतं, "गॅस झालाय" म्हणून घर गप्प बसतं.

म्हणून एक खूणगाठ बांधा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस रोज आदल्या दिवसापेक्षा बरा दिसला पाहिजे. आज कालच्यापेक्षा वाईट दिसत असेल तर वाट पाहू नका. पोट फुगत चाललंय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, उलटी हिरवी आहे, दुखणं वाढतंय, ताप किंवा थंडी आहे, डोळे पिवळे, लघवी गडद, वारा पूर्ण बंद, धाप लागतेय, यातलं एक जरी दिसलं तरी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. रात्री दोन वाजले असले तरी करा. फोन लागला नाही तर घेऊन निघा. महाराष्ट्रात 108 ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. "सकाळी बघू" म्हणू नका. उद्या सोमवार आहे, परवा लग्न आहे, असं काही म्हणू नका.

बाकी पोट मऊ आहे, वारा सरतोय, खाणं जातंय, फक्त तीन दिवस झाले तरी संडास नाही, तर डॉक्टरांना फोन करून सौम्य औषध विचारा. इसबगोल घरात असतं म्हणून लगेच देऊ नका. पुरेसं पाणी न पिता घेतलं तर ते स्वतःच आत घट्ट होऊन बसतं. एनिमा कधीच मनानं नको.

उलटंही होतं. काहींना नंतर जुलाबासारखं होतं, विशेषतः तुपाचं, तळलेलं खाल्लं की. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पिशवीत मावायचं जेमतेम तीस-पन्नास मिलिलिटर. ती गेली की पित्त थेंबथेंब सतत आतड्यात उतरत राहतं, आणि काहींच्या मोठ्या आतड्याला ते झेपत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत बसतं. लांबलं तर त्यावर औषध आहे, सांगा डॉक्टरांना. पिशवी गेली म्हणून जन्मभर पथ्याची भाकरी खायची गरज नाही.

घरी सोडताना मिळणारा डिस्चार्जचा कागद घडी घालून पाकिटात टाकू नका. त्यावर डॉक्टरांचा फोन नंबर आहे का बघा. नसेल तर आत्ता, वॉर्डातून पाय काढण्याआधी लिहून घ्या. घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये साठवा. दुसऱ्या दिवशी कुणी तुम्हाला विचारलं, "कसा आहे पेशंट?", तर वारा कधी सरला, काय खाल्लं, किती वेळा उठला, एवढं तुम्हाला सांगता यावं.

तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून रात्र काढणारी माणसं आहात. कामावर रजा टाकून, उसनवारी करून ऑपरेशन केलंत. एवढं केलंत, तर हा एवढासा प्रश्न विचारायला लाजू नका.

वाचून झालं असेल तर हे बाजूला ठेवा. त्यांच्या खाटेपाशी जा. कुशीवर वळवा, पाय खाली सोडू द्या, पेला हातात द्या. भेटायला आलेल्यांना जरा बाहेर बसवा. आणि खाली वाकून, कानाशी जाऊन विचारा.